डोळ्यांवर ठिपके असलेली माशी: तीन नावं, एक प्रजाती आणि स्लरीच्या खड्ड्यातली शेपटी

आधी रॉकेलचं सांगतो: ओतू नका. बाकीचं सावकाश बघू.

तुमचं विचारणं थोडक्यात असं. बेळगावजवळच्या कडोलीत तुम्ही पाऊण एकरात कांदा बियाला सोडलाय, बांधाला कोथिंबीर फुलावर आलीय. दोन्हींवर सातेरी मधमाशीसारखी दिसणारी, पण डोळ्यांवर बारीक ठिपके असलेली माशी भरपूर येते. गोबरगॅसच्या स्लरीच्या खड्ड्यात लांब शेपटीच्या मळकट अळ्या झाल्यात. शेजारचे म्हणतात त्या ह्याच माशीच्या, रॉकेल टाकून मारा. तुमच्याकडच्या एका जुन्या पत्रकात ‘सिरफिड माशी मावा खाते’ असं छापलंय, पण माव्यात या माशीची अळी तुम्हाला कधी दिसली नाही. मोबाइलवर फोटो टाकून शोधलं तर तीन नावं आली: एरिस्टॅलिस आर्व्होरम, लॅथिरॉफ्थॅल्मस आर्व्होरम आणि एरिस्टॅलिनस आर्व्होरम. यातलं खरं कोणतं, आणि माशी कामाची की बिनकामाची?

तुमच्या दुसऱ्या फोटोत डोळे अगदी स्वच्छ आलेत. फिकट पिवळट डोळ्यावर गडद तांबूस ठिपके, जणू कुणी तपकीर शिंपडलीय. एवढ्यावरून प्रजाती सांगता येते: एरिस्टॅलिनस. जातीबद्दल मात्र मी लगेच ठाम बोलणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. मराठी शाळेच्या पुस्तकात कुल, मग प्रजाती, मग जाती अशी उतरंड आहे. वर्तमानपत्रं मात्र जातीलाच प्रजाती म्हणतात. मी पुस्तकाप्रमाणे चालतो. एरिस्टॅलिनस ही प्रजाती, आर्व्होरम ही तिच्यातली एक जाती.

आता पत्रकाकडे येतो, कारण तुमच्या गोंधळाचं मूळ तिथं आहे. ‘सिरफिड’ हा शब्द आपल्या भागात गावागावांत पोचला तो उसावरच्या लोकरी माव्यामुळे. 2002 च्या सुमारास तो मावा दक्षिण महाराष्ट्रात आणि लगोलग आपल्या बाजूच्या ऊसपट्ट्यात पसरला. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या फडांत पानांच्या खालची बाजू पांढऱ्या लोकरीने भरून गेलेली मी पाहिलीय. फडातून बाहेर आलं की सदरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा व्हायचा. तेव्हा त्याचे तीन शत्रू सगळ्यांच्या तोंडी झाले: डीफा (एका पतंगाची अळी), मायक्रोमस (जाळीदार पंखांचा एक किडा) आणि सिरफिड. त्यातली सिरफिड म्हणजे युपिओडस कॉनफ्रेटर. तिची अळी पानावर, माव्याच्या वसाहतीतच राहते आणि एकेक मावा तोंडात धरून शोषून टाकते. पत्रकं तिच्याबद्दल होती आणि तिच्यापुरती बरोबर होती. फक्त शीर्षकात कुलाचं नाव गेलं, आणि वाचणाऱ्याने ते सगळ्या कुलाला लावलं.

सिर्फिडी हे कुल जगभरात 6,000 हून अधिक जातींचं आहे. त्या सगळ्यांच्या अळ्या मावा खातात असं म्हणणं म्हणजे बेळगावातले सगळे कुंदाच करतात म्हणण्यासारखं आहे. प्रौढ माश्या जवळपास सगळ्या फुलांवर जातात, मकरंद आणि परागकण खातात. खरा फरक अळीत असतो. सिर्फिने या उपकुलातल्या बहुतेक अळ्या मावा खाणाऱ्या. आपल्याकडे चवळीवर, मोहरीवर, ज्वारीवर दिसणाऱ्या इस्किओडॉन आणि एपिसिर्फस या त्यातल्याच. मायक्रोडॉन्टिने उपकुलातल्या अळ्या मुंग्यांच्या वारुळात वाढतात. पिपिझिने नावाचा मावा खाणारा एक लहान गट पूर्वी दुसऱ्या उपकुलात धरत, त्याला 2015 मध्ये स्वतंत्र उपकुल मानायला सुरुवात झाली. आणि चौथं उपकुल एरिस्टॅलिने, तुमच्या माशीचं.

या चौथ्या उपकुलात काय नाही? कुजकं लाकूड, कांद्यासारखे कंद, शेण, सांडपाणी, कशातही वाढणाऱ्या अळ्या इथं आहेत. खरं सांगायचं तर एरिस्टॅलिने हा नीट बांधलेला गट नाही. जनुकांवरून वंशावळ मांडणाऱ्या अभ्यासांत तो एका पूर्वजाची सगळी लेकरं असलेला गट ठरत नाही. बाकीच्या तिघांत न बसणारं ते इथं, असा काहीसा प्रकार. मात्र त्याच्या आतला एरिस्टॅलिनी हा लहान गट (मात्रेचा फरक आहे, डोळे उघडे ठेवून वाचा) बऱ्यापैकी भक्कम आहे. त्याची खूण म्हणजे पाण्यात राहणारी, शेपटीची अळी. एरिस्टॅलिनस या गटात येते, म्हणून तिची अळी माव्यात सापडत नाही. ती तिथं राहतच नाही.

ओळखायची कशी, ते आता हातात घेऊन बघू. काचेची बरणी, माशी आत, वर मलमलीचा तुकडा. ही चावत नाही, डंखही नाही, तेव्हा बिनधास्त. येळ्ळूरच्या शिवारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, “काय ओ सर, हातात धरलाईसा, चावतीया की न्हाई?” मी मूठ उघडून दाखवली तेव्हा त्यांचा विश्वास बसला. मधमाशीचं सोंग हाच तिचा बचाव, आणि ते सोंग आपल्यावरही चालतं. कन्नडमध्ये माशी म्हणजे नोण आणि मधमाशी म्हणजे जेनुनोण. ही नुसती नोण, जेनुचं सोंग घेतलेली.

पहिली खूण पंखांची जोडी. मधमाशीला दोन जोड्या, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक दांडे. मिशा आखूड, मधमाशीसारख्या लांब कोपरलेल्या नाहीत. मागच्या पायावर परागाची टोपली नाही. ही झाली माशी आणि मधमाशीतली फारकत.

मग भिंग घ्या आणि पंख उजेडात धरा. पंखाच्या मधोमध एक शीर अशी दिसेल की ती कुठून निघत नाही आणि कुठं पोचत नाही, नुसती पडद्यावर ओढलेली रेघ. तिला खोटी शीर म्हणतात. ती दिसली की कुल सिर्फिडी, हे जवळजवळ नक्की. आता पंखाच्या टोकाकडे जाणाऱ्या शिरांत एक शीर मध्येच खाली खोल वाकते आणि पुन्हा वर येते, ओढ्याने शेताला वळसा घालावा तशी. हे वळण दिसलं की एरिस्टॅलिनी गट. पुढचा टप्पा जरा किचकट: पंखाच्या वरच्या काठाला, टोकाजवळ शिरांनी वेढलेलं जे घर, म्हणजे कप्पा, असतो ते काठाला पोचण्याआधीच मिटलंय की काठावर उघडं राहिलंय? एरिस्टॅलिस, एरिस्टॅलिनस आणि फायटोमिया यांच्यात ते मिटलेलं. मेसेम्ब्रियसमध्ये उघडं.

या मेसेम्ब्रियसनं मला तीन वर्षं फसवलं. तिच्याही छातीवर पिवळट उभे पट्टे असतात, अंगलटही तीच, आणि भाताच्या पाणथळ जागी दोघी शेजारी शेजारी मिळतात. मी पट्टे बघून सगळ्यांना एरिस्टॅलिनसची चिठ्ठी लावत गेलो. एकदा पावसाळ्यात खानापूरला ठेवलेल्या माश्यांच्या नमुन्यांच्या पेटीत बुरशी शिरली. तिकडची हवा तुम्हाला माहीत आहेच, जुलैत पापडसुद्धा मऊ पडतात, डांबरगोळ्यांनी काय होणार! बुरशी ब्रशनं झाडताना एकेक पंख भिंगाखाली आला आणि लक्षात आलं की निम्म्या पंखांत ते घर उघडं आहे. डोळेही साधे, ठिपक्यांविना. तेव्हापासून छातीच्या पट्ट्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही. तुम्हीही ठेवू नका.

मिटलेलं घर आणि ठिपक्यांचे किंवा पट्ट्यांचे डोळे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की एरिस्टॅलिनस. एरिस्टॅलिसचे डोळे साधे असतात. तिच्यातल्या टेनॅक्स या जातीच्या डोळ्यांवर केसांच्या दोन उभ्या पट्ट्या असतात आणि घाईत त्या रंगाच्या वाटतात, तेवढं सांभाळा. फोटो शक्यतो माशी जिवंत असतानाच काढा. सुकल्यावर डोळ्याचा रंग काळवंडतो आणि ठिपके शोधावे लागतात.

आता तीन नावांचं. नावाची पाटी बदलली की भांडण सुरू होणारा आपला मुलूख, त्यामुळे तुमचा वैताग मी समजू शकतो. इथं मात्र पाटी कुणाच्या हुकमाने बदलत नाही. नातं नव्याने कळलं की बदलते.

लिनियसचा शिष्य योहान फॅब्रिशियस याने 1787 मध्ये या माशीचं वर्णन केलं आणि तिला आर्व्होरम म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘नांगरलेल्या शेतांची’. माझ्या मते या कुलातल्या सगळ्यात नेमक्या नावांपैकी हे एक आहे. त्या काळी या बहुतेक माश्या सिर्फस नावाच्या एकाच पोत्यात भरल्या जात. फ्रान्सच्या लात्रेय याने 1804 मध्ये एरिस्टॅलिस ही प्रजाती काढली, आणि शेपटीवाल्या अळीच्या कितीतरी माश्या हळूहळू तिकडे गेल्या. 1845 मध्ये इटलीच्या कामिल्लो रोंदानी याने त्यातून एरिस्टॅलिनस वेगळी केली. त्याची नमुना जाती होती लिनियसची सेपल्क्रॅलिस, युरोपातली एक लहान, काळपट, ठिपक्यांच्या डोळ्यांची माशी. पुढे 1897 मध्ये ऑस्ट्रियाचा योसेफ मिक आणखी बारीक गेला. त्याने ठिपक्यांच्या डोळ्यांच्या काही माश्यांसाठी लॅथिरॉफ्थॅल्मस आणि पट्ट्यांच्या डोळ्यांच्या माश्यांसाठी एरिस्टॅलोडीज अशा दोन प्रजाती केल्या.

नमुना जाती म्हणजे काय, हे न कळल्यामुळे पुढचं सगळं कोडं वाटतं. प्रजातीचं नाव एका जातीला खुंटीसारखं बांधलेलं असतं. ती जाती जिकडे जाईल तिकडे नाव जातं. लॅथिरॉफ्थॅल्मसची खुंटी आहे एनियस ही जाती, एरिस्टॅलोडीजची टेनिऑप्स, म्हणजे ‘फितीच्या डोळ्यांची’. पुढच्या अभ्यासकांना या खुंट्या एकाच गोठ्यात वाटल्या. मग सगळ्यांना मिळून नाव कोणतं द्यायचं? ज्याचं साल जुनं ते. 1845 आणि 1897 मध्ये 1845 जिंकतं. म्हणून आज प्रजाती एरिस्टॅलिनस, आणि मिकची नावं उपप्रजाती, म्हणजे प्रजातीच्या पोटातले गट, म्हणून कंसात उरली.

त्यामुळे पूर्ण नाव असं लिहिलेलं सापडेल: एरिस्टॅलिनस (लॅथिरॉफ्थॅल्मस) आर्व्होरम (फॅब्रिशियस, 1787). दोन कंस, दोन वेगळे अर्थ. पहिल्या कंसात उपप्रजाती. दुसरा कंस फॅब्रिशियसभोवती आहे, आणि त्याचा अर्थ असा की त्याने ही जाती वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, नंतर कुणीतरी हलवली. लेखकाच्या नावाभोवती कंस नसेल तर समजायचं की जाती अजून मूळ घरातच आहे. हा एवढासा कंस सासर-माहेर सांगतो, पण बहुतेक जण तो टाकून देतात.

म्हणजे तुमच्या मोबाइलने दिलेली तिन्ही नावं एकाच माशीची. त्यातली पहिली दोन जुन्या मांडणीतली, तिसरं आजचं. भारतातल्या या कुलावरचा मोठा आधार अजूनही ब्रुनेटीचा 1923 चा ग्रंथ आहे, आणि त्यानंतर प्रजातींच्या सीमा बऱ्याच हलल्या आहेत. तो ग्रंथ समोर ठेवून लिहिणाऱ्याकडे जुनं नाव येणारच. उसाच्या माव्यावरच्या त्या माशीचंही हेच झालंय: जुन्या लेखांत मेटासिर्फस कॉनफ्रेटर, आताच्या लेखांत युपिओडस कॉनफ्रेटर. शत्रू तोच, माशी तीच.

उपप्रजातींचं मला स्वतःला फारसं कौतुक नाही. लॅथिरॉफ्थॅल्मस आणि मूळ एरिस्टॅलिनस यांना वेगळं करणारी एक खूण म्हणजे नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले की मध्ये जागा ठेवून. सेपल्क्रॅलिसच्या नराचे डोळे अलग, एनियसच्या नराचे टेकलेले. तिसऱ्या गटाला, म्हणजे एरिस्टॅलोडीजला, डोळ्यांवरच्या पट्ट्या. डोळ्याच्या रंगावर आणि फटीवर नात्यांचा एवढा डोलारा उभा करणं मला धोक्याचं वाटतं, कारण अशा खुणा वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणे येऊ शकतात. 2003 मध्ये स्पेन आणि फिनलंडच्या संशोधकांनी युरोपातल्या जातींच्या अळ्यांची ठेवण आणि मायटोकॉन्ड्रियाचं जनुक, दोन्ही एकत्र घेऊन या प्रजातीचा अभ्यास केला. डोळ्यांच्या रंगापलीकडे, अळीपर्यंत जाऊन बघायची ही दिशा मला पटते. तुम्ही वहीत नुसतं एरिस्टॅलिनस आर्व्होरम लिहिलंत तरी काही चुकत नाही.

पण लिहायचं का आर्व्होरम? इथं मी हात आखडता घेतो. तुमच्या फोटोत पोटाचा पिवळा-काळा नमुना आर्व्होरमशी जुळतो आणि शेतात ती मिळणं स्वाभाविकच आहे. तरीही ठिपक्यांचे डोळे आणि छातीवर उभे पट्टे असलेली ती एकटी नाही. क्विंक्वेस्ट्रिएटस ही आणखी एक. तिच्या नावाचाच अर्थ ‘पाच पट्ट्यांची’. तुमच्या फोटोत पाय दिसत नाहीत, पोट अर्धं पंखाखाली आहे, आणि नर की मादी हेही डोक्याच्या वरून फोटो असल्याशिवाय कळत नाही. वरून, बाजूने, समोरून आणि पंख पसरून, असे चार फोटो पाठवा.

आता खड्ड्यातली अळी. शेपटी म्हणता ती खरं तर श्वासाची नळी आहे. दुर्बिणीच्या नळ्या एकातून एक बाहेर याव्यात तशी ती लांबते, अंगाच्या कितीतरी पट, आणि तिचं टोक पाण्याच्या वर राहतं. अळी खाली घाणीत आणि नाक वर हवेत. म्हणून जिथं बाकीच्या किड्यांचा प्राणवायूअभावी जीव जाईल अशा सांडपाण्यात ही मजेत राहते. खाते काय? पाण्यातले जिवाणू आणि कुजलेल्याचे बारीक कण, गाळून. पिकाचं मूळ नाही, जनावराचं अंग नाही. मादी अंडी पाण्याजवळ पुंजक्याने घालते. अळी पूर्ण वाढली की बाहेर येऊन जरा कोरड्या मातीत कोष करते. गोठ्याच्या कडेला शेपूट वाकवून पडलेला तपकिरी कोष दिसला तर तो हाच.

शाहापूर-वडगावच्या खालच्या अंगाला, बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतात मी या माश्या वर्षानुवर्षं बघतोय. नाल्यात जलपर्णी दाटली, पाणी तुंबलं की अळ्यांना मोकळं रान मिळतं. त्या दिसल्या म्हणजे पाणी खराब, हे निदान बरोबर. अळ्यांनी पाणी खराब केलं, हे मात्र उलटं.

शेणातून मधमाश्या निघतात असं जांबोटीकडे मी एका आजींकडून ऐकलंय. हसू नका. बैलाच्या कलेवरातून मधमाश्या जन्मतात असं प्राचीन ग्रीक-रोमन लोक मानत, आणि ऑस्टेन-साकेन या माश्यांच्या अभ्यासकाने 1894 मध्ये दाखवून दिलं की त्या ‘मधमाश्या’ म्हणजे आपल्या माशीची चुलत बहीण एरिस्टॅलिस टेनॅक्स असणार. आजींनी माशी बरोबर बघितली होती, नाव तेवढं चुकलं.

तुमच्या अळ्या एरिस्टॅलिनसच्याच आहेत का? शेपटी एरिस्टॅलिसला, मेसेम्ब्रियसला, फायटोमियालाही असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी अळीवरून प्रजाती सांगता येत नाही. वाढवून बघा. प्लास्टिकच्या पसरट डब्यात एका बाजूला दोन बोटं स्लरी, दुसऱ्या बाजूला कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा चढासारखा लावा. दहा-बारा मोठ्या अळ्या सोडा, वर जाळी बांधा, सावलीत ठेवा. त्या आपोआप मातीकडे चढतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोष झाल्यापासून साधारण आठवडा-दीड आठवड्यात माशी बाहेर येते. बाहेर आल्या आल्या रंग फिके असतात, अर्धा दिवस जाऊ द्या आणि मगच डोळे बघा.

उपयोगाचं म्हणाल तर मावा विसरा, परागीभवनाकडे बघा. कांदा, कोथिंबीर, शेपू, गाजर यांची फुलं उथळ असतात, आणि हिची जीभ सातेरीपेक्षा आखूड असली तरी अशा फुलांत तिला काहीच अडत नाही. आंब्याच्या मोहोरावरही या गटातल्या माश्या येतात. स्पेनमध्ये एरिस्टॅलिनस एनियस मुद्दाम वाढवून परागीभवनासाठी विकली जाते. तुमच्या खड्ड्यात ती फुकट तयार होतेय. अंगावर केस कमी, पराग साठवायची टोपली नाही, म्हणून एकेका माशीमागे काम मधमाशीपेक्षा कमी होत असेल. पण कांद्याच्या गोंड्यांवर मधमाश्या रुसतात ते तुम्ही दरवर्षी बघताच. त्या दिवसांत ही हजर असते.

तेव्हा फुलकिड्यांसाठी फवारणी करायचीच झाली तर गोंडे उमललेले असताना टाळा, आणि नाइलाजच असेल तर संध्याकाळी, माश्या गेल्यावर. स्लरी शेतात घालताना काठाची कोरडी माती खरवडू नका, कोष तिथंच असतात. आणि पिण्याच्या पाण्याची टाकी, जनावरांचा हौद मात्र झाकून ठेवा. अळी विषारी नाही, पण ती होईल इतकं पाणी कुजणं बरं नाही.

डब्यातून माशी निघाली की तिला टाचणीवर घ्या आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने, शाईने नाही, एवढं लिहा: कडोली, बेळगाव तालुका, तारीख, गोबरगॅसच्या स्लरीतून अळी वाढवली, कोष झाल्याचा दिवस, माशी निघाल्याचा दिवस, तुमचं नाव. खाली ‘एरिस्टॅलिनस, जाती ठरायची आहे’. आर्व्होरम आपण ते चार फोटो आल्यावर लिहू.